मामा दीर्घ रजेवर आहेत

वाचण्याची परवानगी : सर्वांना

गुरुवारी सकाळी अडुसेई मामांनी तीन टँकर बांतामा वस्तीकडे रवाना केले, एका हॉटेलची मागणी रद्द केली आणि एका चर्चला चुकून दोनदा पाणी दिलं. हे सगळं नाश्त्याच्या आत. कामाचा असा झपाटा मामांनी उभ्या हयातीत दाखवला नव्हता. मामा मागच्या वर्षीच वारले होते. अंत्यसंस्काराच्या तारखेवर घरच्यांचं एकमत होत नसल्यामुळे ते अजून मोठ्या इस्पितळाच्या शवागारात थंडपणे वाट पाहत होते.

"हे अडुसेई कोण?" लाम्प्टी साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

"मामा," पोकुआ म्हणाली.

"तुमचे?"

"सगळ्यांचे."

"बोलवा त्यांना."

"ते नाही येऊ शकत, साहेब."

"का नाही? सकाळपासून कामावर आहेत. हे बघा, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी आत्ता आणखी एक टँकर सोडला."

"तो अड्ड्यावरच्या डांसोने सोडला. मामांच्या नावाने. मामा वारले."

लाम्प्टी साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. वारलेल्या मामांनी तेवढ्यात एका शाळेची वेळ बदलून दिली.

लाम्प्टी साहेब घानाच्या राजधानीतून, अक्राहून आलेले ऑडिटर. हिशेब तपासणारे नव्हेत. कंपनीच्या डेटाबेसात कोण काय पाहू शकतं, कोण काय बदलू शकतं आणि मुळात का, एवढंच ते तपासत. उकाड्यातही त्यांचा शर्ट चुरगळत नसे. कुमासीतल्या या टँकर कंपनीच्या सर्व्हरच्या खोलीत ते कालपासून बसले होते आणि त्यांचा प्रत्येक सुस्कारा पोकुआ मोजत होती.

कारण तपासणीत कंपनी पास झाली, तर डेटाबेस कुमासीतच राहणार होता आणि पोकुआ कायम होणार होती. नापास झाली, तर सगळं अक्राच्या मुख्य कचेरीत जाणार, सर्व्हरच्या खोलीत झाडू आणि प्लास्टिकच्या खुर्च्या रचल्या जाणार आणि पोकुआ घरी. गेली चार वर्षं ती डेटाबेस सांभाळत होती, पण तात्पुरती. आवारातलं आंब्याचं झाडसुद्धा तिच्या नंतर लावलेलं, पण ते कायम होतं.

वाचण्याची परवानगी : ऑडिटर. बदलण्याची : कुणालाच नाही

डेटाबेस मामांनी उभा केला होता, आणि त्यातले हक्कही त्यांनीच वाटले होते. वाटले म्हणजे अक्षरशः वाटले. कुणी रिवाजाप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली हातात आणि घरातलं एक वडीलधारं माणूस सोबत घेऊन दाराशी उभं राहिलं, की त्याला नाही म्हणणं मामांच्या स्वभावात नव्हतं. ते वाचायचा हक्क देत, बदलायचा देत, आणि वर 'हा हक्क पुढे दुसऱ्याला देण्याचा हक्क'ही देत. हा शेवटचा त्यांनी औदार्यापोटी दिला असं लोक म्हणत. खरं कारण असं होतं की मामांच्या कपाटात बाटल्या ठेवायला जागा उरली नव्हती. लोकांनी आपापसांत काय ते वाटून घ्यावं, अशी त्यांची इच्छा होती.

लोकांनी वाटून घेतलं. मामांनी संचालकांना दिलं, संचालकांनी सेक्रेटरीला, सेक्रेटरीने ड्रायव्हरला, ड्रायव्हरने पहारेकऱ्याला.

"आणि पहारेकऱ्याने हे कुणाला दिलंय?" लाम्प्टी साहेबांनी विचारलं.

"ती फाटकाबाहेर भाजलेली केळी विकते."

"केळीवालीला कंपनीच्या डेटाबेसात प्रवेश?"

"वाचण्यापुरता, साहेब," पोकुआ घाईघाईने म्हणाली. "टँकर कधी परतणार ते कळलं की तिला निखाऱ्यावर किती केळी लावायची ते ठरवता येतं. मोबाइलवर बघते ती. बदलत काही नाही."

लाम्प्टी साहेबांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता.

"मामांना उडवा."

संचालक कारिकारी साहेबांना हे रुचलं नाही. ते नुकतेच खोलीत आले होते आणि बसायला योग्य खुर्ची शोधत होते. "उडवा काय म्हणता? वडीलधारं माणूस आहे. अजून पुरलंही नाही त्यांना."

"मेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवणं हा पहिल्या दर्जाचा दोष आहे. एवढ्या एका गोष्टीवर मी तुम्हाला नापास करू शकतो."

कारिकारी पोकुआकडे वळले. "उडव, पोरी."

पोकुआने आज्ञा टाइप केली. यंत्राने नकार दिला : *या युजरने दिलेल्या हक्कांवर इतर हक्क अवलंबून आहेत.*

"म्हणजे काय?" कारिकारींनी विचारलं.

"म्हणजे मामांनी ज्यांना दिलं, त्यांनी पुढे दिलं, त्यांनी आणखी पुढे. मामांचा काढायचा तर खालचे सगळे काढावे लागतील. शेवटी एक शब्द जोडला की एका फटक्यात जातात."

"मग जोडा तो शब्द," लाम्प्टी म्हणाले.

"सगळे जातील, साहेब."

"सगळे मेलेले?"

"नाही. सगळे जिवंत."

"अहो ताई, ज्याला कामासाठी खरंच हक्क लागतो, त्याला तो रीतसर दुसरीकडून मिळालेला असतो. असाच नियम आहे."

"नियम अक्रात असेल."

"तुम्हाला पास व्हायचंय ना?"

पोकुआने मनात हिशेब केला. जाऊ देत. जेवणानंतर आपण बसू, ज्याला जेवढं हवं तेवढंच नीट मोजून देऊ, आपल्याच खात्यातून. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. चार वर्षांपूर्वी तीही आईला घेऊन, हातात बाटली धरून, मामांच्या दाराशी उभी राहिली होती.

तिने शब्द जोडला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. डेटाबेसात मोठमोठ्या गोष्टी अशाच होतात, आवाज न करता.

वाचण्याची परवानगी : आढळली नाही

पहिला आला डांसो. टँकरच्या अड्ड्याचा तो प्रमुख, आणि त्याचा आवाज टँकरच्या हॉर्नवर घडलेला.

"ताई, टँकर गेले!"

"कुठे गेले?"

"उभेच आहेत बाहेर, गच्च भरलेले. स्क्रीनवरून गेले! कुठला कुणाकडे जायचा तेच दिसेना. ड्रायव्हर म्हणतात, आम्ही अंदाजाने जातो. मी म्हटलं, मागच्या वेळी अंदाजाने गेलात तेव्हा लग्नाचं पाणी गाड्या धुणाऱ्याला दिलंत."

त्याच्या मागोमाग हिशेबाच्या मुख्य फ्रेमाबाई आल्या. त्या कधी पायऱ्या उतरून कुणाकडे जात नसत. लोक त्यांच्याकडे चढून जात.

"पोकुआ, ते यंत्र मला म्हणतंय, तुम्हाला अधिकार नाही. मला. माझ्या नवऱ्याने कधी असं म्हणायची हिंमत केली नाही."

"सगळ्यांनाच म्हणतंय, मॅडम."

"सगळ्यांचं मला सांगू नकोस. मला का म्हणतंय?"

खिडकीतून केळीवालीनेही हाक मारली. "अगं ए, हा फोन काळा का पडलाय? मी केळी लावू का नको लावू?"

"थांबा सगळे, मी आत्ता देते," असं म्हणत पोकुआ आपल्या खात्यात शिरायला गेली. यंत्राने तिलाही तेच वाक्य ऐकवलं. तिने पुन्हा टाइप केलं, या वेळी सावकाश, जणू आधी यंत्राला नीट ऐकू गेलं नसावं. यंत्राला नीट ऐकू गेलं होतं.

लाम्प्टी साहेब आतापर्यंत हाताची घडी घालून ही गंमत पाहत होते. "नियंत्रण नसलं की असं होतं," ते म्हणाले. "मी माझ्या अहवालात हेच…" बोलता बोलता त्यांनी आपला अहवाल उघडायला घेतला, आणि त्यांचे हात कीबोर्डवरच थांबले.

"माझा अहवाल कुठे आहे?"

"आहे तिथेच आहे, साहेब. तुम्हाला दिसत नाहीये."

"पण मला कालच तुम्ही परवानगी दिली होती!"

"मी दिली होती," पोकुआ म्हणाली. "आणि मला मामांनी."

आपण कुणाच्या वंशातले आहोत, हे लाम्प्टी साहेबांना त्या क्षणी कळलं.

वाचण्याची परवानगी : अर्धी कारिकारींना, अर्धी फ्रेमाबाईंना

एक मालक-खातं होतं. सगळं मोडलं तर तेवढ्याने उघडावं, म्हणून ठेवलेलं. त्याचा पासवर्ड एकट्याच्या हाती नको, असं मागच्या ऑडिटरने बजावलं होतं. म्हणून त्याचा पूर्वार्ध कारिकारींना पाठ होता आणि उत्तरार्ध फ्रेमाबाईंना. नाताळच्या जेवणात बकऱ्याचं सूप आधी कुणाला वाढलं, या मुद्द्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"आधी साहेब टाकतील," पोकुआ म्हणाली, "मग मॅडम."

"म्हणजे मी त्यांच्या मागून?" फ्रेमाबाईंनी विचारलं.

"पासवर्डच तसा आहे, मॅडम. उलटा टाकला तर उघडत नाही."

"मग बदल तो."

"बदलायला आधी उघडावं लागेल."

"हिला सांग," कारिकारी छताकडे पाहत म्हणाले, "की सुपाच्या वेळीही मी घाई केली नव्हती."

"ह्यांना सांग, वाटी ज्याच्यासमोर होती त्याने घाई करायची गरजच नव्हती."

बाहेर भरलेले टँकर उन्हात ठिबकत होते. शुक्रवार उजाडला आणि दुपारही होत आली, तरी दोघांपैकी कुणी कीबोर्डला हात लावला नाही. अखेर पोकुआने फ्रेमाबाईंना खोलीतल्या एकमेव गादीच्या खुर्चीत बसवलं आणि कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. कारिकारींना आपला पूर्वार्ध टाकण्यासाठी त्यांच्यापुढे कमरेत वाकावं लागलं. ते पहिले होते. त्या बसलेल्या होत्या. दोघंही आपण जिंकलो असं समजून बाजूला झाले.

खातं उघडलं.

वाचण्याची परवानगी : दाता कोण त्यावर अवलंबून

"आता हे लगेच बंद व्हायला हवं," लाम्प्टी साहेब म्हणाले. संकटातही नियम सांगितला की त्यांना जरा बरं वाटे. "मालक-खात्यातून कुणाला काही द्यायचं नाही. एखाद्या माणसाला त्याच्या नावानिशी नेमा, त्याच्या हातून सगळ्यांना द्या, आणि हे कुलूपबंद करा."

पोकुआने सरळ आपलं नाव घातलं आणि कारिकारींना त्यांचे हक्क देऊन टाकले. साहेबांची स्क्रीन उजळली. त्यांनी ती वाचली. मग ते स्क्रीनच्या आणखी जवळ गेले.

"हे काय आहे? माझ्या नावापुढे?"

"कुणाकडून हक्क मिळाला ते, साहेब. तो रकाना असतोच."

"'दाता : पोकुआ'?"

"हो."

"माझी पुतणी तुझ्याहून मोठी आहे. मी कंपनीचा संचालक. आणि मला देणारी तू?"

"नुसतं नाव आहे ते."

"नावाखेरीज माणसाकडे असतं काय? काढ."

तिने काढलं. साहेबांची स्क्रीन पुन्हा काळी झाली. त्यांचं समाधान झालं.

"मी देते," फ्रेमाबाई म्हणाल्या. "हिशेब माझ्याकडे आहे."

"तुमच्या हातून घ्यायचं?" नाताळनंतर पहिल्यांदाच कारिकारी त्यांच्याशी थेट बोलले. "त्यापेक्षा तुम्ही डाव्या हाताने तोंडावर फेकलेलं बरं. मीच देतो सगळ्यांना."

"तुमच्या हातून घेतलं की उद्या मनात आलं, काढून घेतलं. देणाऱ्यालाच काढता येतं, ते मला कळतं. मी एवढी भोळी असते तर हिशेबात नसते."

"मी देऊ का?" डांसोने विचारलं.

सगळे त्याच्याकडे वळले.

"सहज विचारलं," डांसो म्हणाला.

एव्हाना फोन थांबेनात. उद्या शनिवार, अंत्यसंस्कारांचा वार. उद्या अख्ख्या कुमासीत काळ्या-लाल कपड्यांतले लोक मंडपात बसणार, आणि मंडपाला पाणी लागणार. बारा घरच्या माणसांनी बारा वेळा विचारलं, टँकर येतोय ना. तेरावा फोन कारिकारींच्या पत्नीचा होता. उद्या तिच्या आईचा अंत्यसंस्कार होता. तिचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू आला.

"आईच्या मंडपात पाणी आलं नाही, तर तुम्हीही येऊ नका!"

कारिकारींनी फोन खिशात ठेवला आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

वाचण्याची परवानगी : आपल्याकडे पुरेसे अधिकार नाहीत

या भागाचा मजकूर आपल्याला दिसू शकत नाही.

डांसोलाही आत घेतलं नव्हतं. पण त्याने दाराला कान लावला होता, आणि कानाला परवानगी लागत नाही. त्याने ऐकलं ते असं.

लाम्प्टी : "पाचच्या आत माझा अहवाल अक्राला गेला नाही, तर नापास तुम्ही नाही, मी होईन."

पंख्याचा आवाज.

फ्रेमाबाई : "ज्याच्या हातून आपण सगळ्यांनी तोंड वाकडं न करता घेतलं, असा एकच माणूस होता या कंपनीत."

कारिकारी : "मामा."

लाम्प्टी : "मामा मेलेत!"

फ्रेमाबाई : "म्हणून तर. आता ते कुणाची बाजू घेणार नाहीत."

पोकुआ : "आणि दिलेलं काढूनही घेणार नाहीत."

लाम्प्टी : "अहो, कालच मी त्यांना उडवायला लावलं! मेलेल्याचं खातं चालू ठेवता येत नाही!"

कारिकारी : "मेले कशावरून?"

लाम्प्टी : "शवागारात आहेत!"

कारिकारी : "शवागारात आहेत, हे त्यांचं सध्याचं ठिकाण झालं. अंत्यसंस्कार झाला का? तुम्हाला कुणी बोलावलं का? तुम्ही काळं नेसून आमच्या शेजारी बसलात का? घरच्यांनी अजून कुणाला रीतसर कळवलेलं नाही. घरच्यांच्या आधी मी त्यांना मेलेलं म्हणू? उद्या त्यांची बहीण इथे येऊन मला विचारेल."

लाम्प्टी : "मग आहेत तरी कुठे ते?"

कारिकारी : "घरी नाहीत. ऑफिसात नाहीत. नोकरी सोडलेली नाही. याला तुमच्या नियमात काय म्हणतात?"

पुन्हा पंखा.

लाम्प्टी, अगदी बारीक आवाजात : "दीर्घ रजा."

त्यानंतर पोकुआ बोलू लागली, आणि डांसोच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा ती पोकुआ वाटतच नव्हती, वकील वाटत होती. मामा पासवर्ड कुणाला सांगणार नाहीत. चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवणार नाहीत. अनोळखी मेल उघडणार नाहीत. खातं उघडं टाकून जेवायला जाणार नाहीत. नवा पासवर्ड माझ्यापाशी राहील, मी नुसती बटणं दाबीन. देणारे मामाच.

लाम्प्टी : "असा युजर मी आजवर पाहिलेला नाही."

कारिकारी : "मग?"

लाम्प्टी : "पण त्यांचा अंत्यसंस्कार झाला की हे चालणार नाही हं."

कारिकारी : "त्याची काळजी सोडा. त्यांच्या घरचं भांडण मिटू नये, हे आम्ही जातीने बघू."

वाचण्याची परवानगी : ज्याची त्याला, नेमकी तेवढीच

मामा रुजू झाले. पोकुआने त्यांच्या हाताने कारिकारींना संचालकाचं दिलं, फ्रेमाबाईंना हिशेबाचं, डांसोला टँकरचं. या वेळी पुढे देण्याचा हक्क कुणाला नाही आणि शेजाऱ्याचं काही कुणाला दिसायचं नाही, हे लाम्प्टी साहेबांनी पाठीशी उभं राहून पाहिलं. कंपनीबाहेरच्या माणसांना तर मुळीच काही नको, असंही ते म्हणाले. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दोन दिवस ते केळी आणि शेंगदाण्यांवरच होते. "तिला वाचण्यापुरतं राहू दे," ते म्हणाले.

शनिवारी मंडपांना पाणी मिळालं. कारिकारींच्या सासूबाईंच्या मंडपात तर इतकं, की पाहुणे पाय धुऊन बसले. आणि सोमवारी अक्राहून निकाल आला : उत्तीर्ण. कुमासीतली हक्कांची व्यवस्था इतर शाखांनी डोळ्यांसमोर ठेवावी, असं लाम्प्टी साहेबांनी त्यात म्हटलं होतं.

कारिकारींनी पोकुआला बोलावून घेतलं. ती नवा ब्लाऊज घालून आली होती.

"जिंकलीस, पोरी! बस. एक बारीकशी अडचण आहे."

पोकुआ बसली नाही.

"डेटाबेसासाठी कायम जागा एकच आहे, ठाऊक आहे ना? ती तुला द्यायची होती. मामा गेले म्हणून ती रिकामी झाली होती."

"हो."

"पण मामा गेलेले नाहीत. रजेवर आहेत. रजेवरच्या माणसाची जागा भरता येत नाही. तू होतीसच की त्या बैठकीत."

"मग मी, साहेब?"

"तू आहेस तशीच. तात्पुरती." ते मायेने हसले. "मामा परत येईपर्यंत."

वाचण्याची परवानगी : मामांना विचारून

पोकुआ भांडली नाही. ती खोलीत जाऊन बसली, आणि कामाला लागली, आणि लोकांनी मागितलेलं काहीही देईनाशी झाली.

दोन दिवसांनी कारिकारी स्वतः आले. आत येऊन दार पुढे लोटलं.

"फ्रेमा वर काय करते ते मला दिसत नाही आता. पूर्वी दिसायचं. जरा उघड ते."

"मामांना विचारावं लागेल, साहेब."

"मग विचार की. पासवर्ड तुझ्यापाशी आहे."

"पासवर्ड आहे हो. पण विचारणारी मी कोण? मोठ्या माणसाशी असं थेट कुणी बोलतं का? मध्ये बोलणारं माणूस लागतं. तुमच्या आजोळी मुखियांच्या दरबारात तुम्ही लहानपणापासून बघितलंय. मी काय सांगायचं तुम्हाला?"

कारिकारींनी मान हलवली. आजोळच्या दरबाराचा उल्लेख झाला की त्यांची मान आपोआप हलत असे. "बरोबर. मुखियांशी थेट बोलायचं नाही. सोन्याच्या मुठीची काठी घेऊन त्यांचा प्रवक्ता उभा. त्याला सांगायचं, तो त्यांना सांगणार. ते बोलणार, तो आपल्याला सांगणार."

"तो प्रवक्ता तात्पुरता होता?"

"भलतंच काय बोलतेस! प्रवक्ता तात्पुरता कसा असेल? आज एक, उद्या दुसरा, असं झालं तर मुखियांचा शब्द कुणाच्या तोंडी राहील? त्या शब्दाला किंमत काय?"

"मी पण तेच म्हणते," पोकुआ म्हणाली.

कारिकारींची मान हलता हलता थांबली. तेवढ्यात दार ढकलून फ्रेमाबाई आल्या. संचालक खाली काय करतात ते आपल्याला दिसेनासं झालंय, ते ताबडतोब उघडावं, असं त्या वाक्याच्या मध्यापर्यंत म्हणाल्या. मग त्यांना संचालक दिसले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी पोकुआकडे पाहिलं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, अगदी तात्पुरत्या माणसासारखी.

लाम्प्टी साहेबांना फोन लावला. देणारा एक आणि बटण दाबणारा दुसरा, असं कायमचं वेगळं ठेवलं तर चालेल का? "चालेल काय!" लाम्प्टी साहेबांचा आवाज भरून आला. "हा तर आमचा सगळ्यात लाडका नियम. पण लोक तो पाळतच नाहीत हो."

अशी नवी जागा तयार झाली. श्री. अडुसेई यांच्या प्रवक्त्या, कायम. फक्त नोकरांच्या यादीत 'तात्पुरती'चं 'कायम' करण्याचा हक्क आता कंपनीत एकाच माणसाकडे होता.

तेव्हा शुक्रवारी कारिकारी साहेब श्नॅप्सची बाटली घेऊन सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. सोबत वडीलधारं माणूस हवं, म्हणून फ्रेमाबाईंना आणलं होतं. वयाने त्या त्यांच्याहून मोठ्या आहेत, हे त्यांनी पहिल्यांदा चारचौघांत कबूल केलं, आणि फ्रेमाबाईंनी ते पहिल्यांदा चारचौघांत ऐकून घेतलं. कारिकारींनी आदराने खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं, बाटली तिरकी केली.

"यूपीएसपासून लांब, साहेब," पोकुआ म्हणाली.

ते एक पाऊल मागे सरले आणि पूर्वजांना वाहतात तसे उंबऱ्याबाहेर थेंब ओतले. "मामा, तुम्ही आमच्या पुढे आहात, आम्ही मागे. ही पोरगी चार वर्षं तुमच्या खोलीत बसलीय. तिला तुमच्या शेजारी कायमची जागा द्या. आणि जमलं तर फ्रेमाचं ते…"

"एका वेळी एकच," फ्रेमाबाई म्हणाल्या.

"विचारून येते," असं म्हणून पोकुआ आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मामांचं खातं उघडलं. स्क्रीनवर एकच ओळ आली : *पोकुआ, तात्पुरती ऐवजी कायम. मंजूर? हो / नाही.* तिने बोट 'हो'वर नेलं. मग ते उचलून घेतलं. मोठी माणसं विचारल्याबरोबर उत्तर देत नाहीत. तसं उत्तर दिलं तर त्याला वजन राहत नाही.

तिने पिशवीतून पानात बांधून आणलेला चवळीभात काढला, गाठ सोडली, आणि सावकाश जेवायला बसली.

थोड्या वेळाने बाहेरून कारिकारींचा दबलेला आवाज आला. "काय म्हणतायत?"

"विचार करतायत."

बाहेर कुजबूज झाली. पाय बदलल्याचा आवाज. फ्रेमाबाई गुडघ्यावरून काहीतरी पुटपुटल्या.

पोकुआने घास गिळला.

"उभे का तुम्ही?" ती आतून म्हणाली. "बसा म्हणतायत."

बाहेर दोन खुर्च्या सरकल्या.